निळा एप्रन, काळं मडकं, भरतकामाचा शर्ट: हंगेरियन ब्रँड वर्षभर वापरून पाहिल्यावर

यातली एकही वस्तू मला कुणी भेट दिलेली नाही की कुठल्या ब्रँडने ‘वापरून लिहा’ म्हणून पाठवलेली नाही. सगळं पदरच्या पैशाने घेतलंय, आणि तेही हंगेरीत, जिथे व्हॅट २७ टक्के आहे. युरोपीय संघात याहून जास्त दर कुठेच नाही. त्यामुळे ‘महाग आहे’ ही तक्रार इथेच एकदा करून टाकते, पुढे प्रत्येक वस्तूपाशी करत बसणार नाही.

आयटीतल्या नोकऱ्यांमुळे बुडापेस्टमध्ये आता मराठी घरं बऱ्यापैकी आहेत आणि उन्हाळा आला की घरोघरी पाहुणे. पूर्वी त्यांना पाप्रिकाची पुडी आणि हेरेन्दच्या पोर्सेलीनचा एखादा कप दाखवला की भागायचं. हल्ली मागणी वेगळी असते: इथलं पारंपरिक काहीतरी हवं, पण दिसायला आधुनिक, आणि पर्यावरणाला त्रास न देणारं. हे तिन्ही गुण एकाच चिठ्ठीवर छापणारी दुकानं शहराच्या मधल्या भागात पावलोपावली आहेत. चिठ्ठी खरी की खोटी ते दुकानात कळत नाही. वस्तू घरी येऊन चार वेळा धुतली, सांडली, आपटली की मग कळायला लागतं.

सुरुवात केकफेश्तोपासून, म्हणजे इथल्या निळ्या ठशाच्या कापडापासून करते, कारण घरात तेच सगळ्यात जास्त आहे: एक एप्रन, जेवणाच्या टेबलावर घालायचं कापड आणि एक झगा. गडद निळं सुती कापड, त्यावर पांढरी ठिपक्या-फुलांची नक्षी. आपल्याकडच्या कुणालाही ते बघून राजस्थानचं दाबू प्रिंट आठवेल, आणि ते आठवणं अगदी बरोबर आहे. तत्त्व तेच: जिथे पांढरं राहायला हवं तिथे ठशाने लेप लावून रंग अडवायचा आणि बाकीचं कापड निळीत बुडवायचं. युरोपात ही कला रुजली तीच मुळी भारतातून जाणाऱ्या छापील कापडाच्या आणि निळीच्या मागोमाग. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून नीळ यायला लागली आणि तिथे निळ्या रंगासाठी लावत असलेल्या वोड नावाच्या झाडाची शेती हळूहळू मोडीत निघाली.

काम बघण्यासारखं आहे. ठसे नास्पतीच्या लाकडाचे, आणि बारीक नक्षीसाठी त्यात पितळी खिळे आणि पट्ट्या ठोकलेल्या. कापडावरचा मोहरीएवढा ठिपका म्हणजे एका खिळ्याचं डोकं. लेप वाळला की कापड चांदणीसारख्या धातूच्या चौकटीवर आकड्यांना अडकवून गोल गोल लावतात, म्हणजे घड्या एकमेकींना चिकटत नाहीत. मग ती अख्खी चौकट जमिनीत खोल गेलेल्या निळीच्या हौदात सोडायची. वर काढलेलं कापड आधी पिवळट हिरवं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. जितकं गडद हवं तितक्या बुड्या. शेवटी आम्लाच्या पाण्यात लेप सुटतो आणि खालचं पांढरं उघडं पडतं. पश्चिम हंगेरीतल्या पापा नावाच्या गावात क्लुगे घराण्याची जुनी रंगशाळा संग्रहालय म्हणून जपली आहे, तिथे हे सगळं साहित्य बघायला मिळतं. चालू कारखान्यांत तिसा नदीकाठच्या तिसाकेच्के गावातलं कोवाच कुटुंब नावाजलेलं आहे, पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यात. असे घरगुती कारखाने देशात आता बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. २०१८ मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ऑस्ट्रिया, चेकिया, जर्मनी, स्लोव्हाकिया आणि हंगेरी अशी पाच देशांची मिळून ती नोंद आहे.

इथपर्यंत वारसा झाला. आता चिठ्ठीवरचा दुसरा शब्द. युनेस्कोची यादी वारशाची आहे, पर्यावरणाची नाही, आणि दुकानं या दोन गोष्टी बिनदिक्कत एका दोऱ्यात ओवतात. लेपाच्या जुन्या कृतीत पांढरी माती आणि डिंक असे, तसा मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षारही असे आणि शिशाचे क्षारही. थंड हौदात नीळ विरघळवायला हिराकस आणि चुना. लेप काढायला पातळ केलेलं गंधकाम्ल. आणि नीळ म्हणाल तर १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली तेव्हापासून युरोपातले रंगारी तिच्याकडेच वळले. (आपल्याकडच्या निळीच्या व्यापाराचं कंबरडं मोडलं ते याच मालाने.) यात कुणी कुणाला फसवतंय असं माझं म्हणणं नाही. पणजोबांची कृती आहे म्हणून ती आपोआप ‘नैसर्गिक’ होत नाही, एवढंच. मोरचुदाचं पाणी जुन्या पद्धतीने ओतलं म्हणून माशांना कमी बाधत नाही.

म्हणून मी विकत घेताना दोनच प्रश्न विचारते: लेपात शिसं आहे का, आणि हौदाचं पाणी शेवटी कुठे जातं. रंगाने नखं निळी झालेला माणूस समोर असला तर उत्तर तिथल्या तिथे मिळतं, कधी लांबलचक मिळतं. एका चकचकीत दुकानात मात्र ‘सगळं नैसर्गिक आहे’ यापलीकडे विक्रेतीला काही सांगता येईना. तिथे मी फक्त पिशव्या बघितल्या आणि बाहेर पडले.

आता प्रत्यक्ष वापर. नवं केकफेश्तो कडक आणि चकचकीत असतं. ती चमक रंगाची नव्हे, दाबाची: कापड लाकडी रुळांवर गुंडाळून दगडांनी भरलेल्या प्रचंड पेटीखाली लाटतात, आणि ती पेटी ओढायला पूर्वी घोडा जुंपायचे. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि पुढच्या एक-दोन धुण्यांत चमकही. हे माहीत नसेल तर माल खराब निघाला असं वाटतं. तसं काही नाही, कापड त्यानंतरच अंगाला बरं लागायला लागतं. रंग मात्र सुटतो. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, थराथरांनी वर बसते, जीन्स फिकी पडते तीही त्याचमुळे. नवा झगा घालून फिकट रंगाची पर्स काखेला लावली तर पर्सच्या कडेला निळी रेघ उठणार. पहिले काही महिने तो वेगळा, उलटा करून, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. बुडापेस्टचं पाणी जड आहे, किटलीत आठवड्याभरात खडूसारखा थर बसतो. अशा पाण्यात साबण पूर्ण निघत नाही आणि निळ्यावर पांढुरकी झाक येते. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं की जाते.

हळदीचं वेगळं सांगायला हवं, कारण इथल्या कुठल्याही माहितीपत्रकात ते नसतं. वरणाला फोडणी देताना उडालेले थेंब निळ्या भागावर दिसतही नाहीत, पण पांढऱ्या ठिपक्यांवर बरोबर बसतात. त्यावर साबण लावला की ते ठिपके लालभडक होतात आणि काळजाचा ठोका चुकतो. घाबरू नका. भरपूर पाण्याने धुतलं की लाल जाऊन पुन्हा पिवळं होतं, आणि पिवळं उन्हात उडतं. अडचण अशी की ऊन हळदीला जितकं झेपत नाही तितकंच, जरा सावकाशीने, निळीलाही झेपत नाही. मी एप्रन फक्त डागापुरता खिडकीत उन्हाकडे करून ठेवते आणि बाकीचा आत दुमडते. वर्षभरानंतर एप्रन पोटापाशी, जिथे हात पुसायची सवय आहे तिथे, आभाळी निळा झालाय आणि कडांना अजून जवळजवळ काळा आहे. मला तो दुकानातल्या नव्यापेक्षा जास्त आवडतो. टेबलावरच्या कापडाला घडीच्या रेषांवर फिकट पट्टे आले. ते मात्र नाही आवडले. हल्ली घडी न घालता नळीसारखं गुंडाळून ठेवते.

झग्याची गोष्ट निराळी. जुने कारखाने टेबलक्लॉथ, पडदे, उशांचे अभ्रे, लोकनृत्याचे घागरे असंच शिवत आले. ऑफिसला घालून जाता येईल असा, खिसे असलेला, अंगावर नीट बसणारा झगा शिवतात ते बुडापेस्टचे नवे डिझायनर, आणि कापड घेतात जुन्या कारखान्यातून. माझा झगा अशाच एका छोट्या ब्रँडचा. नाव देत नाही, कारण तक्रारही आहे. कापड आधी धुऊन आटवलेलं नव्हतं. पहिल्या धुण्यात लांबी चांगली चार बोटं कमी झाली आणि गुडघ्याखालचा झगा गुडघ्यावर आला. दुसरं म्हणजे खिशाची शिवण उसवली. ती त्यांनी कुरकुर न करता फुकट घालून दिली आणि खालची दुमड उघडून लांबीही थोडी वाढवून दिली. आत भरपूर दुमड ठेवलेली होती म्हणून ते जमलं. घाऊक मालात एवढं कापड कुणी आत दडवून ठेवत नाही. उरलेल्या तुकड्यांची ते बटणं मढवतात, केसांचे पट्टे करतात. त्यांच्या जाहिरातीतल्या पर्यावरणाच्या परिच्छेदापेक्षा मला ही दुमड जास्त पटली.

एक मत इथेच नोंदवते. जुना कारखाना खरा आणि नवा ब्रँड दिखाऊ, अशी वाटणी करायचा मोह होतो. पण टेबलक्लॉथ विकून पुढची पिढी त्या हौदापाशी उभी राहणार नाही. झगे, शर्ट, बॅगा खपल्या तरच राहील. म्हणून डिझायनरची गरज आहेच. त्याने कापड कुठून घेतलं, कुणाकडून घेतलं हे चिठ्ठीवर नावासकट लिहावं, एवढीच अपेक्षा. काही लिहितात. काही नुसताच निळ्यावर पांढऱ्या फुलांचा डिजिटल प्रिंट मारून ‘केकफेश्तो शैली’ म्हणतात. कापड उलटं करून बघा: छापील मालाची मागची बाजू पांढुरकी असते. निळीत बुडवलेलं कापड मागूनही निळंच असतं, पुढच्या नक्षीची पुसट छाया तेवढी दिसते.

उलटी बाजू बघायची हीच युक्ती भरतकामालाही चालते. मात्यो भरतकाम ईशान्य हंगेरीतल्या मेझोकोवेश्द आणि आसपासच्या गावांचं: मोठे भरगच्च गुलाब, लाल-पिवळा-हिरवा-निळा सगळा एकत्र, आणि तरी डोळ्यांना खुपत नाही. युनेस्कोच्या यादीत हे २०१२ मध्ये आलं. किश्यांको बोरी (१८७६–१९५४) ही तिथली सगळ्यात नावाजलेली नक्षी काढणारी बाई. आयुष्यभर तिने इतरांना भरण्यासाठी कापडावर नक्षी रेखून दिली, आणि मेझोकोवेश्दला तिचं घर बघायला मिळतं. शेजारच्या तार्द गावातून मात्योडिझाइन हा ब्रँड उभा राहिला. गावातल्या बायका घरी बसून भरतात आणि ते गुलाब सणावाराच्या पोशाखाऐवजी साध्या टी-शर्टवर, शर्टवर येतात. माझ्याकडे त्यांचा काळा शर्ट आहे, खांद्याजवळ एक छोटा झुपका. व्हिडिओ कॉलवर आईने पहिली फर्माईश केली, ‘आतून दाखव गं.’ आतून दाखवल्यावर एका पाकळीतून दुसरीत उडी मारून गेलेला दोरा आणि पालीच्या शेपटीएवढी सुटलेली टोकं बघून म्हणाली, ‘हं, हाताचं आहे.’ यंत्राच्या कामात आतल्या बाजूला सगळीकडे बॉबिनचा एकसारखा पांढरा दोरा आणि टोचणारं कडक अस्तर असतं. वात्सि रस्त्यावर किंवा मोठ्या मंडईच्या वरच्या मजल्यावर ‘हँडमेड’ म्हणून हातात येणाऱ्या टेबलक्लॉथचं हे आधी तपासा.

शर्ट वर्षभर आलटून पालटून घातलाय. रंग एकमेकांत उतरले नाहीत, टाके सैल पडले नाहीत. मशीनमध्ये टाकते, पण जाळीच्या पिशवीत. इस्त्री नेहमी मागून, खाली जाड टॉवेल घालून. पुढून फिरवली की उठाव दबतो आणि गुलाब चपटे दिसतात. या शर्टातली शाश्वतता कापडात शोधत बसू नये. कापूस शेवटी कापूसच. तार्दसारख्या गावात राहून बाईला हातच्या कलेचे पैसे मिळतात आणि मग ती कला नातीला शिकवण्यात काही राम उरतो, मी पैसे मोजले ते त्याला.

आता जरा कडू भाग. ‘व्हीगन लेदर’. हंगेरीतून जगभर पोचलेला ब्रँड म्हणजे नानुश्का, सांद्रा शान्दोर यांनी २००५ मध्ये सुरू केलेला, आणि त्याची ओळख बऱ्याच अंशी या चामड्यासारख्या कापडामुळेच झाली. त्यांचं काही माझ्याकडे नाही, काचेतून बघून समाधान मानते. पण त्या लाटेत इथल्या लहान ब्रँडांनीही तसल्या पर्स काढल्या आणि त्यातली एक मी घेतली. नाव इथेही नको. हे कापड म्हणजे बहुतेकदा विणलेल्या पॉलिस्टरवर पॉलियुरेथेनचा थर. जनावर वाचतं, हे खरंच. पण पहिल्याच हिवाळ्यात बंद जिथे तळहाताला घासतो तिथे थर सोलून आला, उन्हात भाजलेल्या नाकासारखा. चामडं कोरडं पडलं तर तेल पाजता येतं, फाटलं तर मोची शिवून देतो. याचा थर सुटला की सुटला. दोन चांभारांनी बघून परत दिली. ब्रँडला लिहिलं तर उत्तर आलं की नव्या पर्सवर सूट देऊ. म्हणजे पर्यावरणासाठी घेतलेली वस्तू वर्ष काढायच्या आत कचऱ्यात आणि वर दुसरी घ्या.

त्याच्या उलट, ज्यू वस्तीतल्या रुंबाख शेबेश्त्येन रस्त्यावर २००९ पासून असलेलं प्रिंता हे दुकान. तिथलं एक चामड्याचं पाकीट माझ्याकडे आहे, आधी वापरून झालेल्या चामड्याचं. एका कोपऱ्यात जुन्या शिवणीची भोकं अजून दिसतात आणि मला तीच आवडतात. हे चामडं एक आयुष्य काढून आलेलं, आणखी काय व्हायचं त्याचं? स्क्रीन प्रिंटचं कामही तिथेच चालतं. माझा एक सहकारी विनिलाइझचा चष्मा घालतो, जुन्या ग्रामोफोन तबकड्यांपासून केलेली फ्रेम. काड्यांवर तबकडीच्या बारीक रेषा स्पष्ट दिसतात. कुठलं गाणं कानावर घेऊन फिरतोस असं विचारलं की तो वैतागतो. तिसा त्सिपोचे बूटही अनेक जण याच रांगेत बसवतात. बाटाच्या काळात मार्त्फ्यूला उभ्या राहिलेल्या कारखान्याचं समाजवादी जमान्यातलं नाव २००३ मध्ये पुन्हा बाजारात आलं. आठवणींचा वारसा म्हणून छान. हस्तकला म्हणून मी ते धरत नाही.

सगळ्यात शेवटी घेतलेली आणि रोज हातात असलेली वस्तू म्हणजे नादुद्वारचं काळं मडकं. होर्तोबाजच्या गवताळ मैदानाजवळचं हे गाव, आणि तिथे काळी भांडी म्हटलं की फाझेकाश घराणं. भांड्याला झिलई नसते. अर्धवट वाळलेल्या भांड्यावर गारगोटी घासून चमक आणतात, नक्षीही तिनेच: घासलेला भाग चकाकतो, न घासलेला मळका काळा राहतो. भाजताना शेवटी भट्टीची तोंडं लिंपून धूर आत कोंडतात. हवा मिळत नाही, मातीतलं लोह आणि धुरातला कोळसा मिळून भांडं काळं करतात. रंग नाही, लेप नाही. इथले लोक अशा उभट भांड्यांत पूर्वी दूध विरजायला ठेवायचे. मीही तेच करते.

इथल्या दुकानी दुधाचं दही स्टीलच्या डब्यात लावलं तर वर पाणी सुटतं, पातळ होतं. या मडक्यात माती पाणी ओढून घेते आणि दही सुरीने कापावं इतकं घट्ट लागतं. हिवाळ्यात हीटरच्या जवळ, पण त्याला चिकटवून नाही. चिकटवलं तर एका बाजूने आंबट होतं. आपल्या माठासारखंच हेही पाझरतं, म्हणून खाली बशी हवीच. बशी नव्हती तेव्हा लाकडी टेबलावर गोल डाग पडला तो आजही आहे. साबण लावायचा नाही, माती तो पिते आणि पुढच्या दह्यात परत देते. गरम पाणी, जाडं मीठ, ब्रश, आणि पूर्ण वाळल्याशिवाय झाकण घालायचं नाही, नाहीतर वास धरतं. डिशवॉशरचं नावही काढू नका. नवऱ्याने एकदा नळावर आपटून काठाचा टवका काढला. आतूनही ते काळपट करडंच निघालं, त्यामुळे टवका लांबून दिसत नाही. ज्याला ‘वारसा आणि पर्यावरण’ एकत्र बघायचंय त्याने आधी हे बघावं: माती, लाकडाचा धूर आणि एक गारगोटी. फक्त पाच मिनिटं जास्त घासायची तयारी हवी.

कुठून घ्यायचं? शक्यतो करणाऱ्याच्या हातून. २० ऑगस्टच्या आसपास बुडाच्या किल्ल्यावर हस्तकारागिरांचा उत्सव भरतो, कुंभार आणि रंगारी तिथे प्रत्यक्ष काम करत बसलेले असतात आणि प्रश्न विचारायला तीच उत्तम जागा. नव्या डिझायनरांसाठी २००६ पासून भरणारा वाम्प बाजार. केकफेश्तो मीटरवर घेणार असाल तर पन्हा आधी विचारा, माझ्या कापडाचा अरुंद निघाला आणि पडद्याला मधे जोड द्यावा लागला. पाहुण्यांना मी आता सरळ सांगते: भेट द्यायची असेल तर एप्रन न्या, वजन नाही आणि फुटत नाही. स्वतःसाठी असेल तर मडकं न्या, हातातल्या बॅगेत, पोटात मोजे कोंबून आणि बाहेरून स्वेटर गुंडाळून. पुण्याला आईकडे एक असंच गेलंय, काठसुद्धा दुखावला नाही.